सुंठीवांचून खोकला

'सुंठीवांचून खोकला गेला' अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. एखादें संकट कांहीं खटपट न करतां आपोआप टळलें म्हणजे ती योजितात. विद्यार्थी ती पाठ करितात, वाक्यांत उपयोग करून दाखवितात, आणि परीक्षा संपली कीं विसरून जातात. परंतु ज्या कोणा शहाण्या माणसानें ती प्रथम उच्चारली, त्यानें तींत दोन गोष्टी बांधून ठेविल्या आहेत. पहिली ही कीं, खोकल्यावर सुंठ हा आपल्या घरांतला इतका जुना आणि सर्वमान्य उपाय आहे कीं, तिचें नांव घेतांच सर्वांस अर्थ कळावा. दुसरी ही कीं, खोकला पुष्कळदां सुंठ न घेतांही जातो. पहिली गोष्ट आपणां सर्वांच्या ध्यानांत राहते. दुसरी मात्र राहत नाहीं. ह्या लेखांत आल्याचीं व सुंठीचीं पेयें घरच्या घरीं नीट कशीं करावीं हें आम्ही प्रथम सांगणार आहों, आणि मग त्या दुसऱ्या गोष्टीकडे वळणार आहों. कारण तिचें विस्मरण झाल्यामुळें आमच्या हातून एकदां मोठी चूक घडली आहे.

आलें म्हणजे काय ?

बाजारांत मिळणाऱ्या आल्याला आपण सहज मूळ म्हणतों. पण तें मूळ नव्हे. तें जमिनीखालीं आडवें वाढणारें खोड आहे. ह्याचा पुरावा कोणाही विद्यार्थ्यास घरांत मिळेल. आल्याचा एक ताजा तुकडा हातांत घेऊन पहावा. त्यावर कड्यांसारख्या आडव्या रेषा दिसतात. तीं त्याचीं पेरें होत. पेरांपाशीं बारीक डोळे असतात, आणि तुकडा ओलसर मातींत ठेविला तर त्या डोळ्यांतून हिरवे कोंब फुटतात. मुळाला अशीं पेरें नसतात व डोळेही नसतात. हळद आणि वेलदोडा हीं आल्याच्याच कुळांतलीं आहेत.

संस्कृतांत ओल्या आल्यास 'आर्द्रक' म्हणतात, आणि त्यावरूनच आपला 'आलें' हा शब्द आला. दुसरें संस्कृत नांव 'शृंगवेर'. हा शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडीं पश्चिमेकडे गेला, ग्रीक व लॅटिन भाषांत शिरला, आणि रूप बदलत बदलत शेवटीं इंग्रजी 'जिंजर' झाला. वनस्पतिशास्त्रांत आल्याचें नांव 'झिंजिबर ऑफिसिनाली' असें आहे. तें विल्यम रॉस्को ह्या इंग्रज वनस्पतिज्ञानें १८०७ सालीं दिलें. त्यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'औषधांच्या कोठारांतलें' असा होतो.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यांत आल्याचें पीक पुष्कळ होतें. एप्रिल-मे महिन्यांत लागवड करितात आणि सुमारें आठ-नऊ महिन्यांनीं कंद काढितात. ओल्या आल्यांत चार पंचमांशांच्या जवळपास पाणीच असतें. म्हणून पांच किलो आलें वाळविलें तर सुंठ साधारण एक किलोच मिळते.

तिखटपणा कोठून येतो ?

ओल्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः 'जिंजरॉल' नांवाच्या द्रव्यामुळें येतो. आलें वाळतांना किंवा फार वेळ तापतांना त्या द्रव्याच्या रेणूंतून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि 'शोगाओल' नांवाचें नवें द्रव्य तयार होतें. जपानी भाषेंत आल्यास 'शोगा' म्हणतात. त्यावरून हें नांव पडलें. शोगाओल हें जिंजरॉलपेक्षां अधिक तिखट असतें. म्हणजे सुंठ ही केवळ पाणी आटलेलें आलें नव्हे. तिचा स्वभावच कांहींसा बदललेला असतो. आजी जेव्हां 'सुंठ बेतानें घाल, ती आल्याहून कडक असते' असें म्हणते, तेव्हां ती रसायनशास्त्रास धरूनच बोलत असते.

आल्यानें घशांत ऊब येते ती कशी ? आपल्या तोंडांतील व घशांतील ज्ञानतंतूंच्या टोकांशीं उष्णता ओळखणारे बारीक दरवाजे आहेत. ते कढत पदार्थानें उघडतात आणि मिरचीच्या तिखटानेंही उघडतात. हा शोध १९९७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्या कामाबद्दल डेव्हिड ज्यूलियस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञास २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आल्यांतील तिखट द्रव्यें तेच दरवाजे उघडतात. तेव्हां आल्याचा घोट घेतल्यावर जी ऊब वाटते, ती बहुतांशीं मेंदूला पोंचलेली उष्णतेची वर्दी होय. ऊब खोटी नव्हे. पण ऊब म्हणजे रोगाचा नाश नव्हे, हेंही येथेंच ध्यानांत ठेवावें.

कृति पहिली : आलें-गुळाचें पाणी

हें सर्वांत साधें पेय. चार कप पाण्यास वीस ग्राम आलें, म्हणजे अंगठ्याएवढा एक जाड तुकडा, घ्यावें. आलें स्वच्छ धुवावें. मातीचा अंश राहूं देऊं नये. साल खरवडून आलें ठेंचावें. पाणी उकळूं लागलें कीं आलें घालून पातेल्यावर झांकण ठेवावें आणि मंद आंचेवर दहा मिनिटें राहूं द्यावें. झांकण विसरूं नये. आल्याचा सुवास ज्या तेलांत असतो तें वाफेबरोबर उडून जातें, आणि मग घरभर वास दरवळतो, पण कपांत कांहीं उरत नाहीं. शेवटीं दोन चमचे किसलेला गूळ घालून तो विरघळल्यावर गाळावें. दारीं गवती चहा असेल तर त्याचीं दोन-तीन पातीं आल्याबरोबरच घालावीं.

कृति दुसरी : आलें, लिंबू व मध

वरीलप्रमाणेंच पाणी करावें, मात्र गूळ घालूं नये. पातेलें खालीं उतरून, पिण्याजोगें कोमट झाल्यावर प्रत्येक कपांत एक चमचा मध आणि पाव लिंबाचा रस घालावा. लिंबू उकळत्या पाण्यांत घातलें तर त्यांतील क जीवनसत्त्व कांहीं अंशीं नष्ट होतें आणि स्वादही उतरतो. हें पेय बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत करूं नये. आंबट रसांत तांब्याचा अंश उतरतो व तो पोटास बाधतो.

येथें मातांस एक विनंती. एक वर्षाच्या आंतील बालकास मध मुळींच देऊं नये, चाटवूंही नये. मधांत कधीं कधीं एका जंतूचीं बीजें असतात. मोठ्यांच्या पोटांत तीं निरुपद्रवी ठरतात. परंतु तान्ह्या बाळाच्या आंतड्यांत तीं रुजून विष उत्पन्न करितात व बाळाचे स्नायू लुळे पडतात. मध उकळल्या पाण्यांत मिसळला तरी हीं बीजें मरत नाहींत.

कृति तिसरी : आल्याचा चहा, आणि दूध कां फाटतें ?

पुष्कळ मुलींची तक्रार असते कीं, आलें घातल्यावर चहा फाटतो. त्याचा दोष बहुधा दुधाकडे जातो. पण पुष्कळदां कारण वेगळेंच असतें. कच्च्या आल्यांत प्रथिनें तोडणारें एक विकर असतें. तें कोमट व गरम दुधांत आपलें काम झपाट्यानें करितें. पाण्यांत चांगलें उकळलें म्हणजे मात्र निकामी होतें. तेव्हां चहा करतांना आलें आधीं नुसत्या पाण्यांत पांच मिनिटें उकळावें, मग साखर व चहाची पूड घालावी, आणि दूध सर्वांत शेवटीं घालावें. दुधांत आलें किसून मग तापविणें ही रीत उलटी आहे.

जी गोष्ट आपल्याकडे खोड समजली जाते, तिचा चीनच्या ग्वांगडोंग प्रांतांत गुण करून घेतला आहे. तेथें वाटींत आल्याचा ताजा रस ठेवून त्यावर साखर घातलेलें गरम दूध ओततात आणि न ढवळतां कांहीं मिनिटें ठेवितात. दूध खरवसासारखें मऊ थिजतें.

कृति चवथी : सुंठीचा काढा

चार कप पाण्यास सुंठीची पूड एक लहान चमचा, चार मिरीं ठेंचून, तुळशीचीं दहा पानें आणि दोन चमचे गूळ घ्यावा. सर्व एकत्र उकळून पाणी तीन कप उरेल इतकें आटवावें व गाळावें. केरळांत व तामिळनाडूंत ह्याच जातीच्या काढ्यांत थोडी कॉफी घालण्याची चाल आहे. मल्याळींत त्यास 'चुक्कुकाप्पी' म्हणतात. 'चुक्कु' म्हणजे सुंठ.

कृति पांचवी : सांठवणीचा पाक

पाव किलो रसदार आलें किसून, फडक्यांतून पिळून रस काढावा आणि अर्धा तास न हलवितां ठेवावा. तळाशीं पांढरा गाळ बसतो. वरचा रस हलकेच दुसऱ्या भांड्यांत ओतून घ्यावा. अर्धा किलो साखर व एक मोठा कप पाणी ह्यांचा एकतारी पाक करावा, त्यांत रस घालून एक उकळी आणावी, आणि निवल्यावर चार लिंबांचा रस मिसळावा. उकळत्या पाण्यानें धुऊन पूर्ण वाळविलेल्या कांचेच्या बाटलींत भरून रेफ्रिजरेटरमध्यें ठेवावा व पंधरा दिवसांत संपवावा. दोन चमचे पाक एक पेला पाण्यांत मिसळला म्हणजे उन्हाळ्यांत थंड आणि पावसाळ्यांत गरम, असें दोन्हीं ऋतूंचें पेय होतें.

प्रयोगशाळेंतील विद्यार्थ्यांनीं त्या पांढऱ्या गाळावर आयोडिनचा एक थेंब टाकून पहावा. तो काळानिळा होतो. म्हणजे गाळ पिठूळ द्रव्याचा, अर्थात् स्टार्चचा आहे. तसेंच दोन कपांत सारखें गरम दूध घेऊन एकांत कच्चा रस व दुसऱ्यांत उकळून निवविलेला रस घालावा. कोणतें दूध थिजलें व कां, हें वहींत लिहावें.

पेयानें काय होतें आणि काय होत नाहीं ?

सर्दी-पडशांत असलें गरम पेय घेतलें म्हणजे बरें वाटतें, हा घरोघरचा अनुभव आहे. त्याची परीक्षाही झालेली आहे. वेल्स देशांतील कार्डिफ येथील संशोधकांनीं २००८ सालीं तीस सर्दीग्रस्त माणसांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना फळांच्या रसाचें एकच पेय दिलें. कांहींस गरम आणि कांहींस खोलीच्या तापमानाचें. गरम पेय घेणाऱ्यांस नाक वाहणें, खोकला, शिंका, घशाची खवखव, अंगावरील शिरशिरी व थकवा ह्या सर्वांपासून लगेच आराम वाटला. साधें पेय घेणाऱ्यांस त्यांपैकीं कांहींच गोष्टींत आराम पडला. पण संशोधकांनीं यंत्रानें नाकांतून वाहणारी हवा मोजली, तेव्हां ती मात्र गरम पेयानें वाढलेली आढळली नाहीं. त्या पेयांत आलें नव्हतें, हें विशेष. म्हणजे आपण ज्याचें श्रेय आल्यास देतों, त्यांतील बराच वांटा नुसत्या उबेचा, गोडीचा व घोट घोट पिण्याचा आहे; आणि आराम वाटणें व रोग हटणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आल्याचा स्वतःचा गुण मळमळीच्या बाबतींत अधिक दिसून आला आहे. डेन्मार्कमध्यें ऐंशी नौदल-विद्यार्थ्यांवर भर समुद्रांत केलेला प्रयोग १९८८ सालीं प्रसिद्ध झाला; त्यांत सुंठीची पूड घेणाऱ्यांस ओकारी व घाम ह्यांचा त्रास कमी झाला. तथापि बोट वा गाडी लागण्यावरील पुढील सर्वच प्रयोग असे अनुकूल निघाले नाहींत. गरोदरपणींच्या मळमळीवरही आल्याचा थोडाबहुत उपयोग होतो. पण अशा वेळीं डॉक्टरांस विचारूनच तें घ्यावें. ज्यांना रक्त पातळ ठेवण्याचें औषध चालू आहे किंवा पित्ताशयांत खडे आहेत, त्यांनींही विचारल्यावांचून काढे रोज घेऊं नयेत.

आमची चूक

आतां ती गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे होती. पावसाळ्यांत मुलांस खोकला होई, आणि रोज रात्रीं अभ्यास संपल्यावर आम्ही स्वतः पातेलेंभर काढा करून ज्याला हवा त्याला देत असूं. मुलांस तो आवडे, आणि आम्हांसही त्याचा थोडा अभिमान होता. आठव्या इयत्तेंतील एक मुलगा त्या पंक्तींत रोज असे. 'आतां कसें वाटतें ?' म्हणून विचारलें कीं तो म्हणे, 'बरें वाटतें, सर.' तो खोटें बोलत नव्हता. काढा पोटांत गेल्यावर त्याचा घसा निवत असे आणि तासभर खोकला थांबत असे. आम्ही रोज रात्रीं त्याला बरें वाटलेलें पाहत होतों. म्हणून तो रोज सकाळीं पुन्हां खोकत उठतो, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

असा एक महिना गेला. सणाच्या सुट्टीला त्याची आई त्याला न्यायला आली. तिनें त्याला जवळ घेतलें, सदऱ्याच्या गळपट्टींत दोन बोटें घातलीं आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, "सर, हा सदरा जूनमध्यें शिवला तेव्हां गळ्याशीं घट्ट होत होता." ती घरीं न जातां त्याला घेऊन तशीच सरकारी दवाखान्यांत गेली. तेथें थुंकी तपासली. क्षयरोग निघाला. त्याच्या खोलींतील सर्व मुलांची तपासणी करावी लागली. त्याला सहा महिने नेमानें औषध घ्यावें लागलें. तो पूर्ण बरा झाला, पुढें शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि आजही भेटला कीं आनंदानें बोलतो. ही कृपाच म्हणावयाची. पण त्या मातेनें आम्हांस एक अक्षरही दोष दिला नाहीं, हें आम्हांला अजून जड वाटतें.

दोष काढ्याचा नव्हता. काढ्यानें आपलें काम चोख केलें. दोष आमचा होता. आम्हीं आराम पाहिला आणि दिवस मोजले नाहींत.

दिवस मोजावे

साधी सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत आपली आपण जाते. तेवढे दिवस मुलास आराम मिळावा म्हणून आल्याचें पेय अवश्य द्यावें. त्याहून चांगली गोष्ट घरांत थोडीच असेल. पण खोकला दोन आठवडे टिकला, तर थुंकीची तपासणी केलीच पाहिजे. सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य होते. संध्याकाळीं ताप भरणें, वजन घटणें, रात्रीं घाम सुटणें, थुंकींत रक्त दिसणें ह्यांपैकीं कांहीं आढळलें, तर दोन आठवडेही थांबूं नये. लहान मुलाचा श्वास मोजावा. एक ते पांच वर्षांचें मूल शांत असतां एका मिनिटांत चाळीस किंवा अधिक वेळां श्वास घेत असेल, अथवा श्वास घेतांना त्याच्या छातीचा खालचा भाग आंत ओढला जात असेल, तर तो न्यूमोनिया असूं शकतो. अशा वेळीं आलें ठेंचीत बसूं नये. मुलास उचलून दवाखाना गांठावा.

त्या वर्षापासून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांत काढ्याच्या पातेल्याशेजारीं एक वही टांगलेली असते. मुलानें पहिला कप घेतला कीं त्याचें नांव व तारीख तींत लिहावयाची. चवदा दिवसांनंतरही तोच मुलगा कप पुढें करूं लागला, तर त्यास कप मिळतो, पण दुसऱ्या सकाळीं डॉक्टरकडेही जावें लागतें. घरांत वहीची जरूर नाहीं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीची एक खूण पुरे आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्या सुट्टींत आल्याचें पाणी स्वतः करून आईवडिलांस पाजावें, आणि घरांत कोणी खोकत असेल, तर ती खूण करण्याचें काम आपल्याकडे घ्यावें. खोकला सुंठीवांचून गेला तर आनंदच आहे. तो सुंठीनेंही जात नसेल, तर तें वेळेवर कळलें पाहिजे.